उंदीर म्हणणारे आणि म्हणवून घेणारे

'पहाड का चूहा' हे तीन शब्द मराठी माणसाला पाठ असतात. ऐतिहासिक नाटक असो, सिनेमा असो, दूरचित्रवाणीवरची मालिका असो की शाळेचे स्नेहसंमेलन. आलमगीर बादशहा तख्तावर बसला, त्याने हातातली तसबीह फिरवली, की प्रेक्षक या शब्दांची वाट पाहू लागतो. शब्द येतात आणि सभागृहात हशा उसळतो. पुढच्या प्रवेशात काय होणार हे सर्वांना ठाऊक असते. ज्याला चूहा म्हटले तो आग्र्याच्या पहाऱ्यातून निसटणार आणि म्हणणारा हात चोळत बसणार.

हे वाक्य आम्हीही एकदा रंगमंचावर म्हटले आहे. सातवीत असताना बादशहाची भूमिका आमच्या वाट्याला आली. 'तुला ती भाषा येते' हे त्याचे कारण सांगण्यात आले. घरी आमची बोली कोकणी. आजीला तर उर्दूचे चार शब्दही धड येत नसत. बादशहाच्या तोंडची उर्दू आम्हांला शिकवली ती वर्गावरच्या गुरुजींनी, आणि 'चूहा' मधला 'हा' कसा फेकायचा हेही त्यांनीच करून दाखवले. प्रयोग रंगला. दुसऱ्या दिवसापासून वर्षअखेरपर्यंत वर्गात आमचे नाव 'बादशहा' पडले. ज्या मुलाने शिवाजीराजांचे काम केले होते त्याला मात्र कोणी एकदाही 'चूहा' म्हटले नाही. शिवी ज्याला दिली त्याच्या अंगाला ती लागली नाही; देणाऱ्याला चिकटली.

ही गोष्ट येथे सांगितली ती तक्रार म्हणून नव्हे. एका क्षुद्र प्राण्याचे नाव माणसाला किंवा समूहाला दिले जाते. कधी ती शिवी राहते, कधी तिचे लाडके टोपणनाव होते आणि कधी तेच नाव बिरुद म्हणून छातीवर मिरवले जाते. शब्द एकच, मग हा फरक कोठून येतो, हा आमच्यापुढचा प्रश्न आहे. बादशहाने तो शब्द केव्हा उच्चारला हे इतिहासकारांनी तपासावे. आम्हांला येथे नाटक-सिनेमा, कथा आणि वर्तमानपत्रे यांतून लोकांच्या तोंडी रुळलेला शब्द तपासायचा आहे.

मराठीने या प्राण्याची दर्जानुसार वाटणी केलेली आहे. गणपतीच्या पायाशी बसला की तो मूषक, कणगीत सापडला की उंदीर, आणि घराचा पाया पोखरू लागला की घूस. पोरांच्या गोष्टीत तो उंदीरमामा होतो. इंग्रजीतली वाटणी वेगळी आहे. तिथला 'माऊस' भित्रा आणि गोजिरवाणा असतो, तर 'रॅट' हा फितूर, खबऱ्या, बुडत्या जहाजातून पहिली उडी मारणारा. म्हणजे प्राणी तोच असला तरी त्याच्याकडे पाहणाऱ्याच्या गरजेप्रमाणे शब्द निवडला जातो. नावात प्राण्याचा स्वभाव थोडा असतो आणि नाव देणाऱ्याचा पुष्कळ.

शिवीचे बिरुद कसे होते याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण दुसऱ्या महायुद्धात सापडते. १९४१ च्या एप्रिलमध्ये लिबियातल्या तोब्रुक बंदराला रोमेलच्या फौजांनी वेढा घातला. आत मुख्यतः ऑस्ट्रेलियन सैनिक होते. दिवसा जमिनीत खणलेल्या खंदकांत आणि गुहांत राहायचे आणि रात्री बाहेर पडून छापे घालायचे, असा त्यांचा क्रम होता. जर्मन नभोवाणीवरून इंग्रजीत प्रचार करणारा विल्यम जॉइस, ज्याला 'लॉर्ड हॉ-हॉ' म्हणत, त्याने या सैनिकांची सापळ्यात अडकलेले उंदीर म्हणून संभावना केली. सैनिकांना ते नाव एवढे आवडले की त्यांनी पाडलेल्या जर्मन विमानाच्या पत्र्यातून उंदराचे चित्र असलेली पदके करून घेतली. कोणत्याही सरकारने न दिलेले ते पदक. त्यानंतर 'तोब्रुकचे उंदीर' हा मानाचा शब्द झाला. ब्रिटिशांच्या सातव्या चिलखती डिव्हिजनने तर जर्बोआ नावाचा उड्या मारणारा वाळवंटी उंदीर आपले बोधचिन्ह म्हणून आधीच घेतला होता; त्यांना 'डेझर्ट रॅट्स' म्हणत. चार्ल्स शोव्हेलने १९४४ मध्ये 'द रॅट्स ऑफ तोब्रुक' हा सिनेमा काढला. १९५३ मध्ये हॉलिवुडने रिचर्ड बर्टनला घेऊन तोब्रुकच्याच वेढ्यावर सिनेमा काढला तेव्हा त्याला नाव दिले 'द डेझर्ट रॅट्स'. दोन वेगळ्या सैन्यांची दोन वेगळी नावे पडद्यावर एक होऊन गेली.

या कथेत उंदीर या शब्दाचे काय झाले ते नीट पाहिले पाहिजे. शत्रूने तो शब्द दिला तेव्हा त्याचा अर्थ 'बिळात लपणारे' असा होता. सैनिकांनी बिळाचा अर्थच फिरवला. बीळ म्हणजे पळून जाण्याची जागा नसून टिकून राहण्याची जागा, असे त्यांनी आपल्या कृतीने सांगितले. 'पहाड का चूहा' या शब्दांचेही मराठी मनाने हेच केले. डोंगरातला उंदीर म्हणजे ज्याला डोंगराची वाट न् वाट ठाऊक आहे असा. शिवी देणाऱ्याने नकळत गनिमी काव्याची व्याख्याच करून ठेवली होती.

पण असे करता येण्यासाठी काही गोष्टी हाती असाव्या लागतात. तोब्रुकच्या सैनिकांच्या हाती बंदुका होत्या, शेवटी त्यांच्या बाजूचा जय झाला, आणि त्यांची गोष्ट सांगायला त्यांचा स्वतःचा दिग्दर्शक व स्वतःचा कॅमेरा होता. यांतली तिसरी गोष्ट आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. वेढ्याच्या काळात भारतीय सैन्याची १८ वी घोडदळ रेजिमेंटही तोब्रुकमध्ये होती. त्या जवानांनीही तीच धूळ खाल्ली आणि तेच बॉम्ब झेलले. तरीही 'तोब्रुकचे उंदीर' म्हटले की कोणाच्याही डोळ्यांपुढे फेटेवाला भारतीय जवान उभा राहत नाही. शिवीत तो होता. बिरुदातून वगळला गेला.

बिरुद वाटून घेतानाही ते सर्वांना सारखे येत नाही, याचे दुसरे उदाहरण रणांगणापासून फार दूर, अमेरिकेतल्या लास व्हेगासच्या झगमगाटात मिळते. १९५० च्या दशकात हॉलिवुडचा नट हम्फ्री बोगार्ट याच्याभोवती मित्रांचा एक अड्डा जमत असे. रात्रभर जागून अवतार झालेल्या या मंडळींना पाहून त्याची पत्नी लॉरेन बकॉल 'उंदरांची टोळीच दिसता आहात' अशा अर्थाचे काही बोलली आणि 'रॅट पॅक' हे नाव पडले, अशी हकीकत सांगितली जाते. १९५७ मध्ये बोगार्ट वारला. पुढे हे नाव फ्रँक सिनात्रा, डीन मार्टिन, सॅमी डेव्हिस ज्युनियर आणि त्यांच्या सोबत्यांना चिकटले. १९६० मध्ये 'ओशन्स इलेव्हन' हा त्यांचा सिनेमा आला. दिवसा चित्रीकरण आणि रात्री सँड्स हॉटेलात कार्यक्रम, असा थाट होता. त्या कार्यक्रमाला ते स्वतः 'समिट', म्हणजे शिखर परिषद म्हणत. शिखरावर बसलेल्यांना उंदीर म्हणवून घेण्यात मौज वाटते यात नवल नाही. ते नाव रात्री कोटाबरोबर खुंटीला टांगून ठेवता येते.

सॅमी डेव्हिसला मात्र काही टांगून ठेवता येत नव्हते. तो कृष्णवर्णीय होता. ज्या लास व्हेगासच्या हॉटेलांत तो सुरुवातीच्या काळात गात आणि नाचत असे, तिथे कृष्णवर्णीय कलावंताला रात्री खोली मिळत नसे. रॅट पॅकच्या रंगमंचावर त्याच्या कातडीवरून विनोद होत आणि तोही हसत असे. १९६० च्या निवडणुकीत या सगळ्या टोळीने जॉन केनेडींचा प्रचार केला. पण सॅमीने त्याच वर्षी मे ब्रिट या गौरवर्णीय नटीशी लग्न केले होते, आणि १९६१ च्या शपथविधीच्या समारंभाला 'येऊ नये' असे त्याला कळवण्यात आले. एकाच टोळीतले, एकाच नावाचे हे सोबती. परंतु बाकीच्यांसाठी 'रॅट' ही नुसती गंमत होती, आणि सॅमीच्या बाबतीत तो शब्द त्याला रोजच मिळणाऱ्या नावांच्या यादीत आणखी एकाची भर घालत होता. ही टोळी आजही जुन्या छायाचित्रांतून हसताना दिसते. त्या हसण्यात पाचही जणांचे हसू एकाच जातीचे आहे असे मानणे म्हणजे छायाचित्र न पाहणे होय.

आता ज्यांना हसण्याचीही सोय नव्हती त्यांच्याकडे वळू. १९४० मध्ये नाझी राजवटीने फ्रिट्झ हिप्लर या दिग्दर्शकाकडून 'डेर एविगे यूडे' हा प्रचारपट काढवून घेतला. त्यात यहुद्यांच्या स्थलांतराच्या वर्णनाला जोडून उंदरांच्या झुंडी दाखवल्या आहेत. येथे उंदीर हे टोपणनाव राहिलेले नाही. माणसांना उंदीर ठरवले की त्यांचे काय करायचे हे वेगळे सांगावे लागत नाही. घराघरातली माणसे उंदरांचे काय करतात ते प्रत्येकाला ठाऊक असते. शिवीचा हा शेवटचा टप्पा आहे. येथे उलटून उत्तर देण्यासाठी समोरचा माणूसच शिल्लक ठेवायचा नसतो.

या शिवीला उत्तर आले ते चाळीस वर्षांनी, अमेरिकेतल्या एका व्यंगचित्रकाराकडून. आर्ट स्पिगेलमन याने आपल्या वडिलांची, म्हणजे ऑशविट्झमधून वाचलेल्या व्लादेकची कहाणी चित्रांतून सांगितली. १९८० पासून ती क्रमशः आली, १९८६ आणि १९९१ मध्ये तिचे दोन भाग पुस्तकरूपाने निघाले आणि १९९२ मध्ये तिला विशेष पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुस्तकाचे नाव 'माउस', म्हणजे जर्मन भाषेतला उंदीर. यात यहुदी उंदीर आहेत आणि जर्मन मांजरे. वरवर पाहता लेखकाने शत्रूचीच शिवी मान्य केली असे वाटते, आणि तसा आक्षेपही घेतला गेला. आमच्या मते स्पिगेलमनने तोब्रुकच्या सैनिकांहून वेगळा आणि अवघड मार्ग घेतला. त्याने उंदराचे पदक केले नाही, मुखवटा केला. पोलिश म्हणून वावरणारा यहुदी डुकराचा मुखवटा बांधतो आणि त्याची दोरी डोक्यामागे दिसते. दुसऱ्या भागात लेखक स्वतःला माणूस म्हणून काढतो, पण चेहऱ्यावर उंदराचा मुखवटा बांधून. त्याच भागाच्या सुरुवातीला त्याला अडचण पडते की, आपली फ्रेंच पत्नी, जी यहुदी झाली आहे, तिला कोणत्या प्राण्याच्या रूपात काढायचे? या एका प्रश्नापाशी प्राण्यांची सगळी वाटणी कोलमडते. शिवी किती ढिसाळ पायावर उभी आहे हे तिच्या आत शिरून दाखवायचे, अशी ही रीत आहे. २०२२ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातील मॅकमिन काउंटीच्या शाळा मंडळाने हे पुस्तक अभ्यासक्रमातून काढले. कारण सांगितले गेले ते त्यातल्या काही असभ्य शब्दांचे आणि एका नग्न चित्राचे. ज्या शब्दाने माणसे मारली गेली तो मात्र कोणाला असभ्य वाटला नाही.

येथवर आम्ही दुसऱ्यांनी दिलेल्या नावांविषयी बोललो. हे बोलणे आम्हांला सोयीचे आहे. 'आम्हांला काय काय म्हटले जाते' याची यादी आपल्यातला कोणताही लेखक एका बैठकीत करू शकेल. पण आपल्याच अंगणात, आपल्याच लेकरांना आपणच चूहा म्हटले आहे, याची आठवण सआदत हसन मंटोने करून दिली. पंजाबातल्या गुजरात शहरात (आज ते पाकिस्तानात आहे) सतराव्या शतकातले सूफी शाह दौला यांचा दर्गा आहे. लहान डोक्याची, मतिमंद मुले तिथे सोडली जात. त्यांना 'शाह दौले के चूहे' म्हणत, आणि ती भीक मागण्यासाठी गावोगाव फिरवली जात. नवसाने मूल झाले तर पहिले मूल दर्ग्याला द्यायचे, ही समजूत. मंटोच्या 'शाह दौले का चूहा' या कथेतली सलीमा असा नवस करते. तिला होणारा मुलगा सुदृढ आणि देखणा आहे, तरी नवसाच्या धाकाने ती त्याला दर्ग्यावर सोडून येते. पुढे काही वर्षांनी तिच्या दारात एक माणूस एका 'चूह्या'ला घेऊन भीक मागायला येतो आणि गालावरच्या खुणेवरून आई मुलाला ओळखते. पण मूल तिला ओळखत नाही. ती त्याला सोडवू पाहते आणि ते पळून जाते.

या कथेत मंटोने दर्ग्याविरुद्ध भाषण केलेले नाही. सलीमाला मूर्ख ठरवलेले नाही. त्याने फक्त एवढे दाखवले की, नाव देताना भक्ती होती, भीती होती, शेजारणीचा सल्ला होता. द्वेष कोठेही नव्हता. तरीही मुलाचा चूहा झाला. हिप्लरच्या प्रचारपटातल्या द्वेषाने जे केले त्याची आणि या भाबडेपणाची तुलना होऊ शकत नाही हे आम्ही जाणतो. पण ज्याला नाव दिले त्याच्या बाजूने पाहिले तर एक गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे. त्याला कोणी विचारले नाही. आपल्या साहित्यात नवस, दर्गा, पीर यांच्या आठवणी पुष्कळ येतात आणि बहुधा हळव्या होऊन येतात. मंटोची ही कथा त्या हळवेपणावर उतारा म्हणून आपण वाचायला हवी.

आता पुन्हा डोंगराकडे. शिवाजीराजांच्या ज्या माणसांना मिळून बादशाही दरबाराने उंदरांची टोळी मानले असेल, त्या माणसांत आरमाराचा दौलतखान होता, पायदळाचा नूरबेग होता, पन्हाळ्याच्या वेढ्याच्या वेळी सिद्दी जौहरच्या फौजेवर चालून गेलेला सिद्दी हिलाल होता. शिवीत तेही होते. मग बिरुद वाटताना, म्हणजे रंगमंचावर पात्रे वाटताना, आमच्या वाट्याला दर वेळी तख्तावरचीच भूमिका का यावी? तोब्रुकच्या १८ व्या घोडदळाचे जे झाले तेच येथे झाले. कॅमेरा दुसऱ्याच्या हाती होता. यासाठी नाटक बंद करा असे आम्ही म्हणणार नाही. नाटके अधिक व्हावीत आणि त्यांत दौलतखानालाही चार वाक्ये असावीत. ती कोकणीत असली तर आमच्या आजीलाही समजली असती.

शेवटचे उदाहरण अगदी अलीकडचे आहे. १२ नोव्हेंबर २०२३ रोजी, दिवाळीच्या दिवशी, उत्तराखंडातल्या सिल्क्यारा येथे बोगद्याचा भाग कोसळून ४१ कामगार आत अडकले. परदेशी बनावटीचे भले मोठे यंत्र आणले गेले. ते ढिगाऱ्यातल्या लोखंडात अडकून मोडले, तेव्हा अखेरचे सुमारे दहा-बारा मीटर उरले होते. मग बारा माणसांना बोलावण्यात आले. त्यांचा रोजचा धंदा शहरातल्या रस्त्यांखाली हाताने खणून पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ टाकण्याचा. जेमतेम गुडघ्यांवर सरकता येईल एवढ्या पाइपात आळीपाळीने शिरून त्यांनी हाताने ढिगारा उकरला आणि २८ नोव्हेंबरच्या रात्री सर्वच्या सर्व ४१ जण जिवंत बाहेर आले. मेघालयातल्या कोळसा खाणींत अशा खणण्याला 'रॅट-होल मायनिंग' म्हणतात. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये तिथे त्यावर बंदी घातली होती. पद्धतीचे ते नाव या माणसांना लावले गेले आणि एका रात्रीत देशभरची वर्तमानपत्रे त्यांना 'रॅट मायनर्स' म्हणू लागली. आधी बिळाला उंदराचे नाव, मग बिळात शिरणाऱ्याला. 'डोंगर पोखरून उंदीर काढला' ही आपली म्हण त्या रात्री नेमकी उलटी झाली. उंदरांनी डोंगर पोखरून माणसे काढली.

या बारा जणांत हिंदू होते, मुसलमान होते. त्यांचे म्होरके वकील हसन, आणि अडकलेल्यांपर्यंत पहिल्यांदा पोहोचलेल्यांपैकी एक मुन्ना कुरेशी. त्यांचे सत्कार झाले, धनादेश दिले गेले, हारतुऱ्यांतली छायाचित्रे छापली गेली. बरोबर तीन महिन्यांनी, २८ फेब्रुवारी २०२४ रोजी, दिल्लीच्या खजुरी खासमधले वकील हसन यांचे घर अतिक्रमण म्हणून दिल्ली विकास प्राधिकरणाने पाडले. जमिनीच्या कागदांचा वाद काय तो कायद्याने ठरावा. त्यात आम्ही पडत नाही. आम्ही फक्त दुसऱ्या दिवशीच्या मथळ्यांकडे लक्ष वेधतो. त्यांतल्या बहुतेकांत 'रॅट मायनरचे घर पाडले' असेच होते. बिरुद मथळ्यात कायम होते, घर राहिले नव्हते.

तोब्रुकच्या सैनिकांना आपले बिरुद स्वतःच्या हाताने पत्र्यातून कापता आले. स्पिगेलमनला लेखणी होती. या बारा जणांना दोन्हींपैकी काही मिळालेले नाही. त्यांना नाव दिले गेले ते कौतुकाने, पण विचारले याही वेळी कोणी नाही. त्यांच्यावर पुस्तके निघतील, सिनेमेही निघतील, आणि त्यांच्या नावात बहुधा उंदीर असेलच. आमच्या लेखक मित्रांपैकी कोणी हा विषय घेणार असेल तर त्याला एवढेच सुचवावेसे वाटते. लिहिण्याआधी खजुरी खासला जावे, त्या माणसांसमोर बसून चहा घ्यावा, आणि रस्त्याखाली नळ टाकण्याच्या या कामाला ते घरी, आपसांत, आपल्या भाषेत काय म्हणतात ते विचारून घ्यावे. पुस्तकाचे नाव त्यानंतर ठरवावे.